दुपारी चारची दिवाळी पहाट

मधुवंती बावडेकरची मागणी फार मोठी नव्हती. तिला एक गाणं म्हणायचं होतं. आख्खं. पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत, मध्ये न उठता. गाणंही काही तासाभराचं नव्हतं. तिच्या गाण्याच्या बाईंनी बांधलेलं, अहिर भैरव या सकाळच्या रागातलं, तीन अंतऱ्यांचं भजन. सात मिनिटं. पण राही झाल्यापासूनच्या अडीच वर्षांत ती पहिल्या अंतऱ्याच्या पुढे एकदाही गेली नव्हती.

राही ही मुलगी मिक्सर चालू असताना झोपते. वरच्या मजल्यावर फरशी कापत असतानाही झोपते. गणपतीच्या मिरवणुकीत कानाशी ताशा वाजत असताना आजोबांच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती. पण आईनं 'सा' लावला की तिचे डोळे खाडकन उघडतात. मग ती उठून बसते, आईच्या तोंडावर आपला गुबगुबीत तळवा ठेवते आणि निकाल वाचून दाखवावा तशी सांगते, "आई, गाणं बंद."

अशा घरात रियाज कुठं करायचा?

पहिला प्रयोग बाथरूममध्ये झाला. दार लावून, नळ सोडून तिनं हलकेच आलाप घेतला. मातृछाया अपार्टमेंटचे पाइप पाण्यापेक्षा आवाज चांगला वाहून नेतात, हे त्या दिवशी कळलं. दहाव्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या अनुजाचा मेसेज आला: "पाइपातून बाईच्या कण्हण्याचा आवाज येतोय. कुणाकडे कुणी पडलंय का? प्लीज बघा." त्यावर अकरा जणांनी हात जोडले आणि एकानं रुग्णवाहिकेचा नंबर टाकला. संशय नको म्हणून मधुवंतीनंही हात जोडले.

दुसरा प्रयोग गच्चीवर. तिथं सोसायटीचे चेअरमन धैर्यशील इंगवले योगासनं करत असत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ; बोलायला लागले की राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं. "करा की मॅडम रियाज! मला काय त्रास न्हाय," ते म्हणाले. "फक्त मी शवासनात असताना वरचा स्वर लावू नका. दचकायला होतंय." आता ते शवासनात कधी आहेत आणि नुसतेच कंटाळून पडलेत कधी, हे ओळखण्यातच तिची वीस मिनिटं जायची.

तोडगा काढला तो सासूबाईंनी. सरोजिनीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या शब्द मोजून वापरत, जणू शाळेतून अजून खडू काटकसरीनं वापरायची सवय गेली नव्हती.

"सकाळचं दूध आणायला तू जात जा," त्या म्हणाल्या. "आकारामला धार काढायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं तुझी. राही उठली तर मी आहे."

"आई, गोठ्यात गाऊ?"

"म्हशी ग्रुपवर मेसेज टाकत नाहीत."

आकाराम गवळ्याचा गोठा सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच. सात म्हशी, आकाराम आणि त्याची बायको बाळाबाई. सातांमधली पूर्णिमा म्हणजे आकारामचा जीव. पौर्णिमेला जन्मली म्हणून पूर्णिमा. रंग बघून नाव ठेवलं असतं तर दुसरंच काहीतरी सुचलं असतं. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, एवढाच काय तो चंद्र.

मधुवंतीनं लाजत लाजत परवानगी मागितली, तेव्हा आकाराम पूर्णिमाच्या कासेशी बसला होता. "गावा की वैनी," तो मान वर न करता म्हणाला. "म्हशीस्नी काय कळतंय?"

हे वाक्य आपल्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य होतं, असं तो पुढं अनेकांना सांगत असे.

गोठ्यात आवाज छान लागायचा. वर पत्रा होता, खाली गवत होतं आणि समोर सात श्रोत्या होत्या, ज्यांच्यापैकी एकीलाही तिनं तान कशी घ्यावी याबद्दल मत नव्हतं. पूर्णिमा तर रवंथ थांबवून, कान पुढं करून ऐकायची. घसा मोकळा करण्यातच पंधरा मिनिटं जायची; मग मधुवंती पोटाशी धरून ठेवलेला श्वास सोडून गायची आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत पोचायची. तेवढ्यात कासंडी भरायची, आकाराम म्हणायचा, "झालं वैनी," आणि तिला पळावं लागायचं. तिसरा अंतरा रोज राहायचा. पण दुसरा तरी होत होता.

दहाएक दिवसांनी बाळाबाई दूध मापताना म्हणाली, "आवं वैनी, तुमी गायला लागल्यापास्नं पूर्णिमा दीड लिटर जास्त देत्या. काय घालताय वो गाण्यात?"

आयुष्यात इतकी मोजून मापून मिळालेली दाद मधुवंतीला आधी कधी मिळाली नव्हती. ती त्या दिवशी घरी येताना चक्क हसत होती.

त्या हसण्याच्या भरातच तिनं सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर केला. विषय होता दिवाळी पहाट. शहरात दर चौकात पहाट होते, मग मातृछायेत का नको, असं अनुजाचं म्हणणं पडलं. निवेदन ती स्वतः करणार होती. पाडव्याच्या दिवशी, पहाटे साडेपाचला, पार्किंगमध्ये. "गाणार कोण?" असं धैर्यशीलरावांनी विचारलं, सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले, आणि मधुवंतीनं बघितलं तर तिचा स्वतःचाच हात वर होता.

"एकच गाणं म्हणेन," ती म्हणाली. "पण आख्खं म्हणेन."

"मग काय, म्हणा की! अर्ध्यावर कोण सोडतंय तुमाला?" धैर्यशीलराव म्हणाले.

त्यांना काय कल्पना.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ती चार दिवसांसाठी माहेरी शिरोळला गेली. राहीला सांभाळायला तिथं तिची आई, म्हणजे रियाजाला आणखी वेळ, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामचा फोन.

"वैनी, कवा येतासा?"

"परवा. का हो?"

"न्हाय, सहज." मग तो मुद्द्यावर आला. "पूर्णिमानं पान्हा चोरलाय. कालपास्नं थेंब न्हाय. बाळाबाईनं गाऊन बगितलं. तर लाथ मारून कासंडी सांडली."

पूर्णिमाचं दूध सोसायटीतल्या नऊ घरांना जात होतं, आणि या नऊही घरांनी दिवाळीची बासुंदी ठरवलेली होती. ग्रुपवर सल्ल्यांचा पूर आला. अनुजानं संध्याकाळच्या धारेला व्हिडिओ कॉल सुचवला. धैर्यशीलरावांनी, आपल्या खात्यात पाणी अडलं तर काय करायचे, यावर दोन परिच्छेद लिहिले. मधुवंतीचे सासरे त्र्यंबकराव, ज्यांना घरात अण्णा म्हणत आणि जे गाणं ऐकण्याच्या बाबतीत अतिशय कर्मठ होते, त्यांनी लिहिलं: "संध्याकाळच्या धारेला अहिर भैरव चालायचा नाही. म्हशीचंच बरोबर आहे."

मधुवंतीचा नवरा सौमित्र कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर. शिफ्ट संपवून आला की बाकीच्या जगातल्या बिघाडांकडंही तो यंत्र समजूनच बघायचा. त्यानं बायकोच्या आवाजाचं जुनं रेकॉर्डिंग एका छोट्या स्पीकरवर घातलं आणि तो गव्हाणीच्या वर टांगला. पूर्णिमानं कान टवकारले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. बाई दिसेना आणि आवाज तर येतोय! तिनं असा काही हंबरडा फोडला, की शेजारच्या गल्लीतल्या म्हशींनीही साथ धरली. अडीच तासांनी तिला दम लागला तेव्हा ती थांबली. स्पीकर नंतर वैरणीत सापडला, चावलेला.

"आउटपुट बरोबर होतं," सौमित्र फोनवर म्हणाला. "व्हिज्युअल कमी पडलं. तू ये."

मधुवंती पिशवी भरायला लागली तेव्हा तिची आई दारात येऊन उभी राहिली.

"जावईबापूंनी बोलावलं का गं?"

"नाही."

"मग सासूबाईंनी?"

"नाही गं."

"मग इतक्या घाईनं कोणासाठी चाललीस?"

मधुवंतीनं पिशवीची चेन ओढली. "म्हशीसाठी."

एसटीत बसवताना आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मुलीचं सासर फार अवघड असावं तसा.

दूध सुरू झालं, पण मधुवंतीची अब्रू गेली ती गेलीच. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी लोक तिच्याकडं एका नव्याच आदरानं बघायला लागले; डॉक्टरकडं बघतात तशा, पण जनावरांच्या. "मॅडम, आमच्या सुनेला अंगावरचं दूध कमी येतंय, दोन ओळी म्हणून बघता का?" असं चौथ्या मजल्यावरच्या आजी अगदी मनापासून विचारून गेल्या. धैर्यशीलरावांनी पाण्याची मोटर बंद पडली तेव्हाही जिन्यातून हाक मारली, "मॅडम, येताय का जरा? तुमच्याबिगर सुटायची न्हाय ती!" आणि स्वतःच्या विनोदावर ते तीन मजले हसत उतरले. सात वर्षं गाणं शिकलेल्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार फक्त सरोजिनीबाईंनी केला. त्या म्हणाल्या, "पाडव्याला गा. मग बोलू दे त्यांना."

पण पाडव्याला गाण्याआधी भोंग्याचा परवाना लागतो.

धैर्यशीलराव आणि मधुवंती अर्ज घेऊन चौकीत गेले. हवालदारांनी तो दोनदा वाचला. "कार्यक्रम दिवाळी पहाट. वेळ साडेपाच. सहाच्या आत भोंगा लावता येत न्हाय."

"मग साडेसहा करतो," धैर्यशीलराव म्हणाले.

"करा. पर अर्जात खाडाखोड चालत न्हाय. नवा अर्ज आणा."

नवा अर्ज घेऊन जाईपर्यंत कळलं, की साडेसहाला तबलजी नाही. आदर्श नावाचा एकच तबलजी ओळखीचा होता आणि त्या दिवशी शहरात त्याच्या ओळखीचे फार लोक निघाले होते. साडेपाचपासून दुपारी बारापर्यंत त्याच्या पाच पहाटा लागल्या होत्या. "बारानंतर मी मोकळा," तो म्हणाला, "पर बोटं मोकळी व्हायला तीन तास धरा." बाराला लोक जेवतात, दोनला झोपतात, सहाला घरोघरी पाडव्याची ओवाळणी. असं करत करत पहाट दुपारी चारला येऊन थांबली.

"नाव तरी बदलू या," मधुवंती म्हणाली. "दिवाळी संध्या वगैरे."

"बॅनर छापून आलाय मॅडम," धैर्यशीलराव गंभीरपणे म्हणाले. "दहा बाय वीसचा. उगवता सूर्य घातलाय. वेळ बदलंल, पहाट बदलायची न्हाय."

तिसरा अर्ज बघून हवालदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग परवान्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पहाट (दुपारची). वेळ चार ते पाच. पाचला भोंगा बंद.'

अण्णांनी घरी जाहीर केलं, की दुपारी चार वाजता अहिर भैरव ऐकण्याचं पाप ते खाली बसून करणार नाहीत, गच्चीतून करतील.

आणि मग पाडव्याच्या आदल्या सकाळी आकाराम दारात आला. चपला काढून, फेटा हातात घेऊन. एवढा औपचारिक आकाराम कुणी पाहिला नव्हता.

"वैनी, उद्या सगर हाय."

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा सगर निघतो. गवळी मंडळी म्हशींना नदीवर घासून धुतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं, गोंडे, घुंगरं घालतात आणि मिरवत मैदानावर नेतात. पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटत पळते आणि त्या आवाजामागं, हजार माणसांच्या गर्दीतून, फक्त आपल्या मालकाची गाडी ओळखून म्हैस पळते. ज्याची म्हैस न बिचकता पळेल त्याची मान वर्षभर वर.

"दोन वर्सं पूर्णिमा बिचकली," आकाराम म्हणाला. "औंदा तयारी काटाकिर्र हाय. पर सगर चारलाच तुमच्या गेटावरनं जाणार. आनि तिच्या कानावर तुमचा आवाज पडला तर..." त्यानं फेटा छातीशी धरला. "माजं एवडंच म्हणणं, सगर म्होरं जाईस्तोवर गाऊ नका. पाया पडतो."

"अहो, पाया कसले पडताय! मी सगळ्यात शेवटी गाईन. साडेचारनंतर. शब्द."

शब्द पाळणं अवघड नव्हतं. आधी धैर्यशीलरावांचं भाषण होतं, म्हणजे किमान अर्धा तास. मग मुलांचा नाच. सगर कधीच निघून जाईल. शिवाय गेटवर सौमित्रला उभं करायचं ठरलं. पूर्णिमा गेली की त्यानं अंगठा दाखवायचा.

पाडवा उजाडला. चारला पार्किंगमध्ये साठ खुर्च्या भरल्या. मागं दहा बाय वीसचा सूर्य उगवत होता आणि समोरून खरा सूर्य डोळ्यांत येत होता. मधुवंतीनं लग्नातली मोरपंखी पैठणी नेसली होती. सरोजिनीबाई राहीला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. राहीच्या हातात करंजी दिली होती, तोंड आणि हात दोन्ही गुंतलेले राहावेत म्हणून.

अनुजानं माइकवर "या मंगल पहाटे" म्हणून सगळ्यांचं स्वागत केलं. धैर्यशीलराव भाषणाला उभे राहिले. आणि त्यांच्या सात वर्षांच्या चेअरमनकीत जे घडलं नव्हतं ते घडलं. सकाळपासून मंडपवाल्याशी भांडून त्यांचा घसा बसला होता. "सर्वांना शुभेच्छा," एवढंच घोगरं म्हणून ते खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग नाच. तर नाचणारी आठही मुलं म्हशी बघायला रस्त्यावर पळालेली. चार वाजून नऊ मिनिटांनी अनुजानं जाहीर केलं, "आता मधुवंती बावडेकर!"

मधुवंतीनं वेळ काढायला सुरुवात केली. मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा स्वर जुळवला, बदलला, परत जुळवला. आदर्शला तबला उतरलाय का विचारलं. पाच पहाटा वाजवून आलेल्या आदर्शनं, डोळे मिटलेलेच असताना, हातोडी मारली. मग तिनं राग अहिर भैरव याविषयी माहिती सांगितली. ती संपल्यावर भैरव वेगळा आणि अहिर वेगळा याविषयी सांगितली. लोक चुळबुळायला लागले. बाहेर रस्त्यावर घुंगरांचा, हलग्यांचा, फटफटींचा गदारोळ चाललेला. चार पंचवीस. चार पस्तीस. तेवढ्यात हवालदार आत आले आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभे राहिले. पाचला भोंगा बंद.

तिनं गेटकडं बघितलं. सौमित्र टाचा उंचावून रस्त्याकडं बघत होता. चार चाळीसला त्यानं वळून दोन्ही अंगठे वर केले.

आता सौमित्रची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यानं पूर्णिमाला पाहिलं होतं ते गोठ्यात, शेणामातीत, घरच्या अवतारात. समोरून गेल्या त्या नवऱ्या. लाल शिंगं, हिरवी शिंगं, पाठीवर नक्षी, गळ्यात कवड्यांच्या माळा. कपाळावर ठिपका म्हणावा तर सगळ्यांच्याच कपाळावर आरसे. त्यानं त्यातल्या त्यात ऐटबाज म्हैस निवडली आणि ती गेल्यावर अंगठे दाखवले. ती कुणाची तरी वेगळीच होती. आकारामची गाडी, सायलेन्सर काढल्यामुळं असेल किंवा नशिबामुळं, कोपऱ्यावर बंद पडली होती, आणि पूर्णिमा सगळ्यात शेवटी होती.

मधुवंतीनं डोळे मिटून सा लावला.

आवाज आधी थोडा थरथरला. साठ माणसं आणि एकही म्हैस नाही, याची तिला सवय राहिली नव्हती. पण ध्रुवपद दुसऱ्यांदा घेताना घसा उघडला. पहिला अंतरा सुरू झाला आणि गच्चीतून अण्णांचा "वा!" ऐकू आला. आदर्शचे डोळे उघडले. भोंगे तिचा आवाज थेट नदीपर्यंत नेत होते.

पहिला अंतरा संपवून ती समेवर आली, त्याच क्षणी गेटवर कुणीतरी ओरडलं, "आरं धरा! धरा!"

सौमित्र बाजूला उडाला. पूर्णिमा आत आली. पिवळी शिंगं, त्यांवर मोरपिसांचे तुरे, पाठीवर 'नाद खुळा' असं केस कातरून काढलेलं, पायांत घुंगरं, आणि नजर सरळ स्टेजकडं. वाटेत खुर्च्या होत्या. नंतर नव्हत्या. साठ माणसं इतक्या शिस्तीनं दोन बाजूंना झाली, की धैर्यशीलरावांनी सात वर्षांत कुठल्या मीटिंगमध्ये एवढी एकजूट पाहिली नव्हती. पूर्णिमानं बॅनरची दोरी शिंगात घेतली, उगवता सूर्य खाली आला आणि तो डोक्यावरून पांघरून ती स्टेजसमोर येऊन उभी राहिली. रवंथ करत.

तिच्या मागून, कशीबशी सुरू झालेल्या गाडीवर आकाराम. सगराच्या इतिहासात प्रथमच म्हैस पुढं आणि गाडी मागं.

"वैनी!" तो रडकुंडीला आला होता. "तुमी शब्द दिलता!"

"अहो, गेली म्हणाले ना हे!" मधुवंतीनं नवऱ्याकडं बोट दाखवलं. नवरा पूर्णिमाच्या शिंगांतून फाटून निघालेल्या सूर्याची घडी घालण्यात गुंतला होता.

आकारामनं दावं ओढलं. गाडी फटफटवली. जिभेनं सगळे आवाज काढले. पूर्णिमा ढिम्म. मैदानावर तिकडं शेवटचा पुकारा चाललेला ऐकू येत होता: "आकाराम गवळी! आकाराम गवळी हाईत का?"

"हाईत, पर म्हैस हलंना!" आकाराम हवेत ओरडला. मग मधुवंतीपुढं येऊन त्यानं हात जोडले. "वैनी, चला. तुमच्याबिगर ती यायची न्हाय. बसा गाडीवर."

"मी?" मधुवंतीचा आवाज चढला. "आकाराम, माझं गाणं अर्धं राहिलंय! अडीच वर्षं झाली. आज तरी पुरं होईल म्हणून तीन अर्ज केले, दोनदा वेळ बदलली..." आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सगळ्या सोसायटीसमोर, पैठणीत.

आकाराम गडबडला. त्याला बायका रडलेल्या बघवत नसत आणि म्हशी अडलेल्या तर त्याहून नाही. "मग गावा की!" तो म्हणाला. "कोन नगो म्हनतंय? गाडीवर बसून गावा. दुसरा का तिसरा जो असंल तो. माजी गाडी थांबणार न्हाय, तुमी बी थांबू नका."

मधुवंतीनं पहिल्या रांगेकडं बघितलं. म्हणजे जिथं पहिली रांग होती तिकडं. सरोजिनीबाई राहीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. एका हातात उलटलेली खुर्ची.

"पदर खोच," त्या म्हणाल्या. "चाकात जाईल."

त्यानंतर मैदानाकडं जाणाऱ्या रस्त्यावर शनिवार पेठेनं जे पाहिलं ते तिथले लोक अजून सांगतात आणि दर वेळी थोडं वाढवून सांगतात. पुढं आकाराम, फेटा उडतोय. मागच्या सीटवर, म्हशीकडं तोंड करून, उलटी बसलेली पैठणीतली बाई. एका हातानं कॅरिअर धरलेलं, दुसऱ्या हातानं हवेत मात्रा मोजत. आणि मागं, शिंगात दिवाळी पहाटेचा फाटका तुकडा घेऊन पूर्णिमा, अशी पळतेय, अशी पळतेय, की आधी गेलेल्या बत्तीस म्हशींच्या मालकांनी तोंडात बोटं घातली.

मधुवंतीनं दुसरा अंतरा खरोखर तिथं गायला. खड्ड्यांत आवाज हलायचा, त्याची तिनं गमकं केली. फटफटीचा ठेका तिसऱ्या गिअरला बरोबर मध्यलयीत बसला. आदर्शपेक्षाही जागा, असं तिला क्षणभर वाटलं आणि त्याबद्दल वाईटही वाटलं. घरांच्या गॅलऱ्यांतून लोक ओरडत होते. वारा तोंडात जात होता. आणि पोटातून आवाज असा वर येत होता, जसा गोठ्यातही कधी आला नव्हता.

मैदानावर गर्दी दुभंगली. आकारामनं पूर्ण फेरी मारली. एवढ्या हलग्या, फटाके, शिट्ट्या. पूर्णिमा बिचकली नाही. शेवटी गाडी पंचांच्या टेबलापुढं थांबली, पूर्णिमानं पुढचे दोन पाय दुमडून मान खाली घातली आणि मैदान डोक्यावर घेतलं गेलं.

पंच होते कृष्णातदादा. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात नियमांचा कागद. त्यांनी शिट्टी मारली.

"आकाराम, हे चालायचं न्हाय. म्हैस गाडीमागं पळाली का गान्यामागं?"

"गाडीमागंच की दादा! गाणं गाडीवरच हुतं."

"मालकानं एकट्यानं बसायचं असतंय."

"कुठं लिवलंय? दावा."

कृष्णातदादांनी कागद उलटा केला, सुलटा केला. दोन जाणती माणसं येऊन कागदात डोकावली. एकानं सांगितलं, मागं एकदा एक जण बायकोला घेऊन बसलता. दुसरा म्हणाला, पर ती गप बसलती. यावर खरोखरची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं बक्षीस द्या, कुणी म्हणालं पुढच्या वर्षापास्नं नियमात घाला, आणि कृष्णातदादा कपाळाला हात लावून म्हणाले, "पावणं, जरा गप ऱ्हावा, मला वाचू द्या."

मधुवंती अजून गाडीवरच होती. केस सुटलेले, पैठणीवर चिखलाची नक्षी, घसा गरम. गर्दीतून सौमित्र धावत येत होता, मागं रिक्षातून राहीला घेऊन सरोजिनीबाई उतरत होत्या. सगळे तिला उतरवून घ्यायला आले होते. घरी ओवाळणीची वेळ होत आली होती.

तिनं आकारामच्या खांद्यावर टकटक केलं.

"आकाराम, तिसरा अंतरा राहिलाय."

"आं?"

"तिसरा. राहिलाय. अजून एक फेरी मारा."

आकारामनं पंचांकडं बघितलं. ते अजून कागद वाचत होते. वैनीकडं बघितलं. तिनं कॅरिअर घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटून सा लावला होता. त्यानं किक मारली.

पूर्णिमा तोवर उठून वळलीसुद्धा होती.